उघडून बघितलेली प्रत

डेटा उडाला म्हणत माणूस दुकानात शिरतो, तेव्हा बऱ्याचदा नुकसान अजून पुरतं झालेलं नसतं. ते पुढच्या तासाभरात होतं. फाईल डिलीट झाली की तो त्याच मशीनवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवून घेतो, त्याच ड्राइव्हवर टाकतो आणि सापडलेले फोटोही तिथेच सेव्ह करतो. जे वाचवायचं, त्याच्यावरच नवीन लिहीत सुटतो. डिस्क टकटक वाजायला लागली की ‘परत एकदा लावून बघू’ म्हणत पुन्हा पुन्हा चालू करतो. पेन ड्राइव्ह लावल्यावर विंडोज फॉरमॅट करायचं का म्हणून विचारतं आणि घाबरलेला हात ‘हो’वर जातो. सांगलीत संगणक दुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून मी फोनवर सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य हेच असेल : आधी मशीन बंद करा, आणि मी बघेपर्यंत कुणी हात लावू नका.

मी या धंद्यात डीटीपीच्या वाटेनं आले. एका छापखान्यात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल जुळवायचे. तेव्हा काम फ्लॉपीवर जायचं. १.४४ एमबीची ती चकती पावसाळ्यात हमखास दगा द्यायची आणि मग रात्री बसून सगळा मजकूर पुन्हा टाइप करायचा. पुढे भारनियमनाची वर्षं आली. यूपीएसची बॅटरी दोन मिनिटांत मान टाकायची आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद करता करता मशीन बंद पडलं की दुसऱ्या दिवशी कंपनीच उघडायची नाही. कंट्रोल-ऑल्ट-आर दाबून डेटा रीराइट करून देणाऱ्या मॅडम म्हणून व्यापाऱ्यांत माझं नाव झालं आणि हळूहळू तोच धंदा झाला.

सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं की लोक बॅकअप घेत नाहीत, हीच अडचण आहे. ते घेत होते. एका कापड दुकानातला अकाउंटंट तर रोज संध्याकाळी दिवा लावावा तितक्या नेमानं घ्यायचा. टॅली ईआरपी ९ बॅकअपच्या फाईलला नेहमी एकच नाव द्यायचं, टीबीके९००.००१. रोज त्याच फोल्डरमध्ये बॅकअप घेतला की कालची फाईल जाऊन तिच्या जागी आजची बसायची. त्या दुकानात एका सोमवारी डेटा बिघडला, काही खाती उघडेनाशी झाली. पण ती खाती कुणाला लागली गुरुवारी. मधल्या दिवसांत बिघडलेला डेटाच रोज चांगल्या प्रतीवर जाऊन बसत राहिला. त्या माणसाच्या कष्टात काही कसर नव्हती. त्याला कुणी ही गोष्ट सांगितलीच नव्हती. तेव्हापासून मी वारांच्या नावांची सात आणि महिन्यांच्या नावांची बारा फोल्डरं करून द्यायला लागले. सोमवारचा बॅकअप सोमवारात, जूनचा जूनमध्ये. इतकं साधं काम, पण त्यानं पुढे किती पेढ्या वाचल्या!

बिघाडाचं स्वरूप समजून घेतल्याशिवाय मी कुठलंच आश्वासन देत नाही. साध्या हार्डडिस्कवर फाईल डिलीट केली म्हणून मजकूर लगेच पुसला जात नाही. जुन्या फॅट पद्धतीत तर फाईलच्या नावाचं पहिलं अक्षर बदलायचं आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जायची, बस्स. त्या जागेवर नवीन काही लिहिलं जात नाही तोवर आतलं सगळं शाबूत. कॅमेऱ्याच्या कार्डाचंही बरंचसं तसंच असतं. लग्नाचं कार्ड चुकून फॉरमॅट झालं, पण त्यावर पुढचा एकही फोटो काढलेला नाही, असं फोटोग्राफरनं सांगितलं की माझा जीव भांड्यात पडायचा. फोटोरेकसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनंही अख्खं लग्न परत यायचं.

एसएसडी आली आणि हा भरवसा संपला. एसएसडीत फाईल डिलीट झाली की संगणक डिस्कला ट्रिम नावाचा हुकूम देतो आणि डिस्क ती जागा आतल्या आत रिकामी करून टाकते. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून हे आहे, पण आपल्याकडे स्वस्त लॅपटॉपमध्ये एसएसडी रुळल्यावर त्याची झळ दिसायला लागली. ‘मागे तुम्हीच डिलीट झालेलं काढून दिलं होतं की’ असं म्हणत लोक येतात आणि मला नाही म्हणावं लागतं. नाही म्हणणं हा या कामाचा मोठा भाग आहे. ते स्पष्ट म्हणावं लागतं, पहिल्याच भेटीत म्हणावं लागतं. ‘बघते, प्रयत्न करते’ असं म्हणत माणसाला महिनाभर झुलवत ठेवणं मला क्रूरपणाचं वाटतं.

एक डिस्क मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. एक निवृत्त प्राध्यापक जत, कवठेमहांकाळकडच्या गावांमध्ये फिरून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करत. कॅसेटवर रेकॉर्ड केलेल्या त्या ओव्या त्यांनी संगणकावर घेतल्या आणि घर बदलताना कॅसेटची खोकी टाकून दिली. डिस्क हळू चालायला लागली, मग एकेक फोल्डर उघडेना. माझ्याकडे आली तेव्हा डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या स्मार्टच्या तक्त्यात वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा दर तासाला चढत होता.

अशा डिस्कवर फाईल शोधत बसायचं नसतं. आतली तबकडी मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे घेत असते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. केसाची जाडी हजारो नॅनोमीटरमध्ये मोजतात, यावरून अंदाज यावा. हेड अशक्त झालेलं असताना त्याला इकडून तिकडे पळवलं की उरलंसुरलं बळही जातं. म्हणून आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी इमेज दुसऱ्या डिस्कवर काढायची. डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम त्यासाठीच आहे. तो आधी सोपे, धडधाकट भाग भराभर वाचून घेतो, अडलं की तिथं हटून बसत नाही, उडी मारून पुढे जातो. सगळं सोपं हातात आल्यावर मग अवघड तुकड्यांकडे वळतो. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद तो एका फाईलमध्ये ठेवतो, म्हणून मध्ये थांबवून डिस्क गार होऊ द्यायची आणि पुढे चालू करायचं, हे जमतं. त्या डिस्कला मी टेबलावर पंख्याखाली ठेवलं होतं. कित्येक रात्री स्क्रीनवरचा आकडा सरकायचा नाही, मग अचानक एखादा तुकडा मिळायचा. मी मशीनजवळून उठले नाही, कारण त्या आवाजांची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती.

बहुतेक सगळं आलं. काही रेकॉर्डिंग मध्येच तुटलेली आली. सर दुकानात हेडफोन लावून एकेक तपासत बसायचे आणि तुटलेल्या ठिकाणी वहीत गावाचं आणि गाणाऱ्या बाईचं नाव लिहायचे. त्यातल्या बऱ्याच बायका तोवर गेल्या होत्या. ‘कॅसेट ठेवायला हव्या होत्या,’ एवढंच ते म्हणाले. डिजिटल केलं म्हणून मूळ वस्तू टाकू नका, हे मी आज प्रत्येकाला ऐकवते, अगदी दहावीच्या सर्टिफिकेटपासून आजोबांच्या पत्रांपर्यंत.

या धंद्यातली एक वाईट खोडही सांगायला हवी. टकटक वाजणारी डिस्क उघडायला धूळविरहित खोली लागते, त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचं हेड लागतं, शिकलेला हात लागतो. तशी सोय पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांमध्ये आहे आणि तिथं खर्च हजारांत जातो. गिऱ्हाईक गमावण्यापेक्षा काही जण साध्या टेबलावरच झाकण उघडतात, ‘जमलं तर पैसे द्या’ म्हणतात. मग ओरखडे पडलेली तबकडी प्रयोगशाळेत पोचते आणि तिथले लोकही हात टेकतात. जे आपल्याला झेपत नाही ते हात न लावता पुढे पाठवणं, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगते. त्याच्या जोडीला दुसरी गोष्ट : फाईल उघडते की नाही एवढंच बघायचं, आत काय आहे ते वाचायचं नाही. डिस्कमध्ये माणसाचं सगळं असतं. औषधांचे रिपोर्ट, भांडणांची पत्रं, कर्ज, आणि जे त्यानं घरातही कुणाला दाखवलेलं नाही ते. ज्याचं आहे त्यालाच शेजारी बसवून तपासायला लावायचं, आणि काम झालं की आपल्याकडची प्रत पुसून टाकायची.

२०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरानं माझं काम बदललं. सांगलीत नदी फुटांत मोजतात. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५चा पूर बघितलेल्यांनी त्या खुणेच्या हिशेबानं सामान वर उचलून ठेवलं होतं; पाणी ती खूणही ओलांडून गेलं. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक, सगळीकडे दुकानं पाण्याखाली.

पाणी उतरायच्या आधीपासून माझा फोन वाजायला लागला. सीपीयू उन्हात ठेवला आहे, हेअर ड्रायर मारला आहे, हार्डडिस्क तांदळात पुरली आहे. मी जीव तोडून सांगत होते, वाळवू नका. ऐकायला उलटं वाटतं, पण पुराच्या पाण्यात भिजलेली डिस्क वाळली की आतला गाळ आणि क्षार तबकडीवर घट्ट बसतात. हार्डडिस्कच्या झाकणावर हवेसाठी एक बारीक भोक असतं, बहुतेक डिस्कवर त्याच्याजवळच ते बुजवू नका असं छापलेलं असतं. पाण्यात बराच काळ राहिलेल्या डिस्कमध्ये तिथूनच पाणी शिरतं. ती ओलीच हवाबंद पिशवीत घालायची, वीज अजिबात द्यायची नाही आणि थेट प्रयोगशाळेत पाठवायची. दुकानातल्या मुलानं आणि मी वरच्या मजल्यावरच्या खोलीत टेबल लावलं होतं. झिपलॉकच्या पिशव्या, मार्कर आणि एक वही. प्रत्येक पिशवीवर पेढीचं नाव, आत तांबूस चिखलाचं पाणी साठलेलं. जागच्या जागी सोडवता येतील अशा फार थोड्या होत्या.

त्या दिवसांत एकच वाक्य मी परत परत ऐकलं : ‘बॅकअप होता की मॅडम.’ खरंच होता. एका घाऊक पेढीचा एक्स्टर्नल डिस्कवर होता आणि ती डिस्क संगणकाच्याच टेबलाच्या खणात होती. एका डॉक्टरांचा पेन ड्राइव्ह तळाच्या कपाटात, कुलूप लावून. एका ऑफिसात तर दोन प्रती होत्या, दोन्ही तळमजल्यावर. जीएसटी लागू होऊन दोन वर्षं झाली होती, रिटर्न भरायची होती आणि बिलांचा पत्ता नव्हता. विम्याचा दावा करायला साठ्याची यादी हवी, तीही त्याच मशीनमध्ये.

आणि त्याच पेठेत हळदीच्या एका पेढीचं सगळं वाचलं. तिथले वयस्कर दिवाणजी शनिवारी बॅकअप पेन ड्राइव्हवर घेत आणि तो विश्रामबागेत घरी नेऊन देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवत. मालकानं त्यांना असं करायला सांगितलेलं नव्हतं. पूर्वी ते कीर्दवही अशीच घरी नेत, म्हणून. पूर ओसरल्यावर त्यांनी तो पेन ड्राइव्ह माझ्याकडे आणला, मी दुसऱ्या मशीनवर लावला आणि आदल्या शनिवारपर्यंतचं एकेक खातं उघडलं. मालक उभ्याउभ्याच रडायला लागले.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांचा तीन-दोन-एकचा नियम मी त्याआधीही गिऱ्हाइकांना सांगायची : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. लोक माना डोलवायचे आणि दुकानातून डिस्क विकत घेऊन जायचे. मी ती विकायचीही. पुरानंतर मी ठरवलं की नुसती डिस्क विकायची नाही. प्रत कोण काढणार, कुठल्या वारी, ती रात्री कुठे मुक्कामाला असणार, हे एका कागदावर लिहून त्यावर मालकाची सही घेतल्याशिवाय मी कामच हातात घेत नाही. आणि महिन्यातून एकदा ती प्रत वेगळ्या मशीनवर उघडायची. मी मालकाला म्हणते, तुम्हाला आठवेल ते बिल सांगा, मागच्या दिवाळीतलं, कुठल्याही गिऱ्हाइकाचं. ते बिल त्या प्रतीतून स्क्रीनवर आलं तरच बॅकअप आहे असं धरायचं.

हे मोठमोठ्यांकडूनही सुटतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा गेली आणि सुमारे ३०० जीबीचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या. वेळेला त्यातली एकही धडपणे उपयोगी पडली नाही. रोजची प्रत काढणारा प्रोग्रॅम आवृत्ती न जुळल्यानं कधीपासून बंद पडत होता आणि तसं कळवणाऱ्या ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हत्या. शेवटी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हातानं काढलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. कंपनीनं हे सगळं जाहीरपणे लिहिलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मी ते मराठीत समजावून पेढ्यांवर सांगते.

२०१९ नंतरच्या एक-दोन वर्षांत एक वेगळाच पूर आला. फोटो स्टुडिओवाले यायचे, सगळ्या फायलींच्या नावांपुढे विचित्र शेपूट लागलेलं आणि फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी : ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केला तर ४९०. फुकटात मिळवलेल्या क्रॅक सॉफ्टवेअरमधून ती कीड यायची. एम्सिसॉफ्ट या कंपनीनं ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या कुळातल्या १४८ प्रकारांवर फुकट उपाय काढला, त्यातून काहींचं काम सुटलं. एका स्टुडिओचा प्रकार त्यातला नव्हता. त्यांची बॅकअपची डिस्क होती, पण कायम मशीनला जोडलेली, त्यामुळे तीही कुलूपबंद झाली. त्या हंगामातली निम्मी लग्नं आम्ही अल्बम छापणाऱ्या लॅबकडून परत गोळा केली, कारण तिथं छपाईसाठी पाठवलेले फोटो अजून पडून होते. उरलेल्या कुटुंबांना काय सांगायचं, यावर स्टुडिओवाला आणि मी एक संध्याकाळभर बोलत बसलो होतो. काम झालं की बॅकअपची डिस्क काढून कपाटात ठेवायची, हे तेव्हापासून मालकांच्या सहीच्या कागदावरही लिहिलेलं असतं.

डीटीपीतल्या जुन्या ओळखीमुळे माझ्याकडे आणखी एक प्रकार येतो. एका नियतकालिकाच्या जुन्या अंकांची सीडी मी मोठ्या खटपटीनं वाचून काढली. फायली सगळ्या आल्या, एकही बाइट न गमावता. पण त्या पेजमेकरच्या, आणि मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये. तो फॉण्ट मशीनवर नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता राडा दिसतो. आजच्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फायली उघडतही नाहीत. मी जपून ठेवलेल्या एका जुन्या मशीनवर पेजमेकर आणि ते फॉण्ट अजून आहेत, म्हणून तो अंक दिसला, पीडीएफ झाला, कन्व्हर्टर लावून युनिकोडमध्ये आला. जोडाक्षरं मात्र हातानंच दुरुस्त करावी लागली. महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांत, संस्थांत अशा सीड्या पडून आहेत. त्या वाचल्या जातील, पण कळणार नाहीत, ही वेळ जवळ आली आहे आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या या वर्षीच उघडून घ्याव्यात.

पेढ्या आणि ऑफिसं आता बरीचशी मार्गी लागली आहेत. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा ज्यांच्या कागदावर सही होती त्यांचा हिशेब सुखरूप होता. अडतं ते घरांपाशी. घरात डेटा म्हणजे मोबाइल. ‘सगळं गुगलवर आहे’ म्हणतात, आणि बघायला गेलं तर फुकटची १५ जीबी कधीच भरलेली असते, त्यानंतरचा एकही फोटो वर गेलेला नसतो. फोनमधून डिलीट केलं की तिकडूनही जातं, हे माहीत नसतं. वडील वारले आणि त्यांच्या खात्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही, म्हणून मुलं येतात. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं, हे सांगताना त्यांचे चेहरे उतरतात. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर बऱ्याचदा आपोआप चालू असतं. मदरबोर्ड गेला, डिस्क ठणठणीत आहे, पण ती उघडायला ४८ आकड्यांची किल्ली लागते. ती किल्ली ज्या खात्यात आहे ते खातं लॅपटॉप विकताना दुकानातल्या पोरानं कुठल्यातरी ईमेलवर उघडून दिलेलं असतं आणि तो पोरगा नोकरी सोडून गेलेला असतो.

पेढीत मी दिवाणजींच्या हातात काम देऊ शकते. घरात ते कुणाच्या हातात द्यायचं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. बापाला वाटतं पोरगी बघते, पोरीला वाटतं फोन आपोआप करतो. सध्या मी एवढंच करते : दुरुस्तीला आलेला प्रत्येक फोन, प्रत्येक लॅपटॉप परत देताना त्या घरातल्या एकाला समोर बसवते, एक्स्टर्नल डिस्कवर फोटो उतरवायला लावते, किल्लीचे आकडे वहीत लिहायला लावते आणि डिस्क काढून, दुसऱ्या मशीनवर लावून, त्यातला एक फोटो त्यालाच उघडायला लावते. अर्धा तास जातो. त्याचे मी पैसे घेत नाही. मे संपत आला की त्या वहीतले नंबर काढून फोन करते आणि विचारते, यंदा पावसाआधी डिस्क लावून बघितलीत का. काही जण हो म्हणतात. बाकीच्यांना मी दुकानात बोलावते.